बर्फावरची खुर्ची

“फेना, खुर्ची सोडू नकोस!” आईची ही चाळीस वर्षांपूर्वीची हाक. गोठलेल्या कालव्यावर खुर्ची ढकलत स्केटिंग शिकणारी सहा वर्षांची फेना पडली आणि पायाने कायमची अधू झाली.

आज थोरल्या बहिणीने, आन्केने, पर्यटकांचा दिवसभराचा पास काढून तिला अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून फिरणाऱ्या नावेत बसवलं. त्याच पासावर, भिंतींपासून खुर्च्यांपर्यंत सगळं बर्फाचंच असलेल्या बारमध्येही जाता येत होतं.

“मला लंगडीला बर्फ दाखवतेस? हौस फिटली नाही का अजून?”

“नको तर उतर. या पासावर कुठल्याही थांब्यावर उतरता येतं.”

“मुळीच उतरणार नाही. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, हट्टी कार्टीने खुर्ची सोडली. आता तूही म्हण!”

बारच्या थांब्यावर मात्र दोघी उतरल्या. आत फेना बसली त्या बर्फाच्या खुर्चीची पाठ आन्केने घट्ट धरली.


“तू सोडली नव्हतीस, फेना. मी ओढली होती.”