उसना राक्षस

हिवाळा सरल्याच्या सणाला बाबा राक्षसाचा मुखवटा चढवून आले, तरी चिझुरूनं राक्षसाला हाकलायला मारायचे भाजलेले सोयाबीन फेकलेच नाहीत. "आधी शेजारी सायोकडे जा ना! तिचे बाबा मासेमारीला गेलेत. हाकलायला राक्षसच नसेल, तर तिच्या घरात भाग्य शिरणार कसं?" "वाटीभर साखरेसारखा नवरा उसना देऊ?" आई हसली. आजीनं देवळातल्या प्रवचनकारासारखा सूर लावला, "दे गं सूनबाई, दिल्यानं घर रितं होत नाही!" बाबा गेले. भिंतीपलीकडून सायो ओरडली, "राक्षस बाहेर! भाग्य आत!" चिझुरूचा जीव भांड्यात पडला. दार वाजलं. केसांत सोयाबीन अडकलेला राक्षस मुळ्याच्या रश्श्याचं वाफाळतं पातेलं घेऊन उभा होता. मागून सायो म्हणाली, "उसनं आणलेलं रिकामं परत करू नये." चिझुरूनं अर्धे दाणे तिच्या मुठीत दिले. "पोरींनो, पातेलं तरी ठेवू द्या!" राक्षस कळवळला.