रिकामा चिमटा

शंभर वेळा नाम घेतल्याशिवाय मी पाणी पीत नाही. आज अकराव्या नामालाच श्वास संपला.

डॉक्टरांनी लेकीला सांगून ठेवलं होतं, की बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णवच्या खाली गेला तर ताबडतोब आणायचं. नाहीतर ती नुसती धास्ती समजायची.

लेकीने तो छोटा चिमटा माझ्या बोटाला लावला. "अठ्ठ्याण्णव! आई, देव काही एवढ्यात बोलावत नाही तुला. हळूहळू श्वास सोड बघू."

मी सोडला. पुढचा आत येईना.

"धास्ती नाही गं ही," मी कसंबसं म्हटलं.

"दर वेळी हेच म्हणतेस." तिने चिमटा काढून टेबलावर ठेवला.

बोट काढलं की ते यंत्र आपोआप विझतं. आज विझलं नाही. रिकाम्या चिमट्यावर अठ्ठ्याण्णव तसाच होता आणि शेजारी नाडीचा ठिपका संथ उडत होता, जणू कुणीतरी त्यात बोट घालून निवांत बसलं होतं.

मी लेकीचा हात ओढून तिकडे बोट दाखवलं. बोलण्यापुरताही श्वास उरला नव्हता.

तिने वाकून आकडा वाचला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"बघ, आता तर नव्व्याण्णव झाला."