तलावाचं पाणी

निवडणुकीला आठवडा उरला होता. तेलाची पाइपलाइन तलावाखाली गळते, असा सुनेचा आरोप होता आणि त्यासाठीच ती महापौरांविरुद्ध उभी होती. भरसभेत तिनं माइक हातात घेऊन विचारलं, "पाणी शुद्ध आहे, हे कशावरून सांगता?" महापौरांनी हसत कागदांचा गठ्ठा उंचावला. "हे आठ वर्षांचे तपासणी अहवाल. सगळ्यांवर सही प्रयोगशाळेत पाणी तपासणाऱ्या तुमच्याच सासूबाईंची! आधी घरात विचारा, मग गावाला." हशा पिकला. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. सुनेनं राजकारणात पडू नये म्हणून त्यांनी महिनाभर तिच्याशी अबोला धरला होता. "सही माझीच आहे," त्या म्हणाल्या, "पण बाटल्यांत तलावाचं पाणी नव्हतंच. प्रयोगशाळेचे साहेब फिल्टरचं भरून द्यायचे. तोंड उघडलंस तर घरी बसवीन, म्हणाले. मी गप्प बसले." महापौरांचा चेहरा उतरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सून मंचावरून धावत खाली आली आणि तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "आई, एवढं ओझं एकटीनं वाहिलंत?" मागच्या रांगेतून शेजारीण उठली. तिचा मुलगा दोन वर्षं अंथरुणाला खिळला होता. "म्हणूनच तुमच्याकडे विकतच्या पाण्याचे जार येत होते का हो, काकू?" टाळ्या थांबल्या. सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "आपल्या घरातली लेकरं तरी वाचावीत, म्हणून गं..." त्या तिच्यापुरतं पुटपुटल्या, पण सुनेच्या हातातला माइक चालू होता.