रंगूबाईचं कार्ड

"आजी, सप्टेंबरात तुम्ही गरोदर होतात?"

डॉक्टर सुहास यांनी स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं. रंगूबाईला एकाहत्तरावं चालू होतं. भाताच्या रोपाची जमीन भाजायची म्हणून राबासाठी झाडाच्या फांद्यांची कवळ तोडताना कोयता घसरला होता आणि पाऊल सुजून भोपळ्याएवढं झालं होतं. कापडे गावाच्या वरच्या वाडीतून लंगडत ती दवाखान्यात आली होती, ती असल्या चौकशा करून घ्यायला नव्हे. पण बाहेरच्या बाकावर अनुष्का बसली होती, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत. रंगूबाईने एकदा दाराकडे पाहिलं आणि बेधडक सांगून टाकलं, "होय. होते की."

डॉक्टर हसले. "टायपिंगची चूक दिसतेय," म्हणाले आणि पुढे सरकले.

चूक टायपिंगची नव्हती. अनुष्का म्हणजे शेजारच्या मुरारीची सून. तिच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडला होता. नंबर नाही म्हणून ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणून दवाखान्याचं कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून केसपेपर नाही. दाराजवळच्या टेबलावर नोंदणी करणाऱ्या किशोरने तिला तीनदा माघारी धाडलं. तिसऱ्या वेळी पोरगी एसटीच्या थांब्यावर चक्कर येऊन पडली. तेव्हा रंगूबाईने ट्रंकेतून आपलं कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं. वाडीत पाळणा एकच, येसाजीच्या घरचा. सगळ्यांची पोरं त्यातच झोपली. पाटा फिरतो, इरलं फिरतं, मग कार्डानेच काय सोवळं पाळायचं?

आणि ते चाललंही. किशोरने कार्डावरचा कोड मारला की स्क्रीनवर रंगूबाई यायची. समोर विशीतली पोर उभी असायची. पठ्ठ्याने एकदाही मान वर केली नाही. डॉक्टरांपुढेही रांग एवढी, की कागदावरचं वय वाचायला कुणाला सवड नव्हती.

"पेनिसिलिन देऊन टाका," डॉक्टरांनी नर्सला सांगितलं.

"आधी टेस्ट करून बघायची ना, सर?"

"नोव्हेंबरात घेतलंय त्यांनी. काही त्रास नाही. इथे आहे सगळं."

रंगूबाई खुर्चीत मागे सरकली. वीस वर्षांपूर्वी महाडला याच सुईने तिचा श्वास कोंडला होता. शुद्धीवर आल्यावर तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी लाल शाईने चिठ्ठी लिहून दिली होती आणि औषधाचं नाव पाठ करून घेतलं होतं. चिठ्ठी उंदरांनी खाल्ली. नाव राहिलं.

"ते मला चालत नाय, डॉक्टर."

"आजी, नोव्हेंबरात चाललंय. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

"वय झालंय सर," किशोर मागून म्हणाला, "विसरल्या असतील."

नर्स सुई भरून आली. किशोरच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती : दुसऱ्याचं कार्ड वापरणं गुन्हा आहे. रंगूबाईला वाचता येत नव्हतं, पण अनुष्काने ती वाचून दाखवली होती. खरं बोलावं तर कार्ड जाणार आणि पोरीचे उपचार थांबणार, तेही ऐन आठव्यात. न बोलावं तर सुई. सुई चुकवायला ती काय, उठून चालती झाली असती. पाय सडला तर सडला. पण उठता उठता तिच्या मनात आलं, अनुष्काची सुई जर माझ्या नावावर चढली, तर माझं काय काय त्या पोरीच्या माथी लागलं असेल? माझ्या बीपीच्या गोळ्या. माझा रक्तगट. पुढच्या महिन्यात ती बाळंतपणाला आडवी पडेल, रक्त लागेल, आणि हे असेच स्क्रीनकडे बघत बाटली लावतील. म्हातारी भ्याली. आणि भ्याली म्हणूनच चिडली.

तिने नर्सचं मनगट धरलं. "थांब गो. नोव्हेंबरातली सुई मला नाय टोचली. अनुष्काला टोचली. पोटुशीपण तीच हाय. कार्ड माझं. मी दिलं."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. तिचा सुरकुतलेला हात, पांढरे केस, मग नर्सच्या हातातली सुई. त्यांचा चेहरा उतरला. "आजी, आत्ता जीव गेला असता तुमचा."

"मला ठाऊक होतं. तुमालाच नव्हतं."

किशोर उठला. "सर, हा गुन्हा आहे. कार्ड ब्लॉक करतो."

"कर ब्लॉक. पोलीसपण बोलव." रंगूबाईने सुजलेलं पाऊल लुगड्याखाली ओढून घेतलं. "पण त्या पोरीचं नाव चढत नाय तोवर या पायाला कुणी हात लावायचा नाय."

डॉक्टरांनी नर्सला सुई बाजूला ठेवायला खुणावलं. मग म्हणाले, "किशोर, ज्यांच्याकडे मोबाइल नसतो त्यांची नोंद कशी करतोस?"

किशोरने खाली पाहिलं. "तळाशी एक चौकोन आहे सर. तिथे टिक केली की ओटीपी लागत नाही. पण मग सगळं हाताने भरावं लागतं. पाच मिनिटं जातात."

पाच मिनिटं! त्या पाच मिनिटांपायी पोरीने तीन हेलपाटे घातले होते आणि म्हातारी मरता मरता वाचली होती. रंगूबाईच्या ओठांवर शिवी आली होती. बाहेर बसलेल्या पोटुशीच्या कानावर नको म्हणून तिने गिळली.

अनुष्काला आत बोलावलं. ती पदर आवळत टेबलासमोर उभी राहिली. किशोरने चौकोनात टिक केली, बोटं कीबोर्डवर ठेवली आणि स्क्रीनकडे बघत विचारलं, "नाव?"

रंगूबाई लंगडत पुढे गेली. तिने आपला रापलेला पंजा त्याच्या स्क्रीनवर आडवा ठेवला.

"ती त्यात नाय रे. हितं उभी हाय. आधी वर बघ, मग लिव."