गार तळवे

"सिस्टर, पोर हिच्या अंगावर द्यायचं नाही!" सासूबाई वॉर्डाच्या दारातूनच कडाडल्या. "आधीचं हिच्याच कुशीत गेलं. ह्याला काचेच्या पेटीतच ठेवा."

"कुशीत घेतल्यानं पोर जात नाही, आजी. कमी दिवसांच्या बाळाला आईच्या अंगाचीच ऊब लागते. आणि आत यायचं तर आधी हात धुवा," मी म्हणाले. त्यांनी हात काही धुतले नाहीत. दाराशीच स्टूल ओढून ठाण मांडलं.

खुर्चीतली बाळंतीण माझ्याकडे बघेना. "त्या बरोबर बोलतात. मला नकोच," ती पुटपुटली.

माझं डोकं फिरलं. "घेऊ नको. नुसता हात लाव, बघ ह्याचे तळवे किती गार पडलेत!" बाळ तिच्यापुढं धरत मी खेकसले. तिनं एक बोट लावलं, चटका बसल्यासारखं मागं घेतलं आणि गाऊनची बटणं सोडली. टोपडं घातलेलं उघडं बाळ मी तिच्या छातीशी उभं टेकवलं आणि दोघांना कापडानं बांधलं. ती अंग चोरून बसली. बाळ मात्र लगेच झोपलं.

दुपारी मी तळवे चाचपले आणि सासूबाईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "छान ऊब आलीय."

त्या लगबगीनं उठून आत आल्या. "दे बाई इकडं, माझा राजा तो!"

सुनेनं बाळाच्या पाठीवर दोन्ही हात घट्ट धरले. पहिल्यांदाच तिनं मान वर केली.

"आई, आधी हात धुऊन या."

सासूबाईंनी रागानं माझ्याकडे पाहिलं. मी नळाकडे बोट दाखवलं.