थंडगार बसथांबा

"आप्पा, इथं बसथांब्यावर काय करताय?" काचेचं दार ढकलून मी आत शिरलो. या वाळवंटी शहरात बसथांब्यालाही एसी असतो. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने सांगितलं होतं, तुमचे वडील रोज पाचला इथे येऊन बसतात.

दोन महिन्यांपूर्वी घर शोधताना जुन्या वस्तीत सांगलीकडच्या एका टेलरने "बसा की, काका" म्हणत आप्पांपुढे खुर्ची सरकवली होती. दुकानात चार म्हातारे गप्पा मारत बसले होते. आप्पा तासभर उठलेच नाहीत. "इथंच घर घे रे," म्हणाले.

तिथे पार्किंग नव्हतं, ऑफिसही लांब पडत होतं. मी ऑफिसजवळ बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. "गॅलरी बघा केवढी आहे, आप्पा!" ती गॅलरी भट्टीसारखी तापते, आप्पा तिकडे फिरकतही नाहीत.

"कुठं जायचंय का? मी सोडतो."

"छे रे. इथं शेजारी माणसं येऊन बसतात." आप्पांनी सरकून मला जागा केली. "फक्त बस आली की सगळी उठून जातात."

मी बसलो. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला आणि सवयीने मीही उठलो.