मालईचे डोहाळे

सासूने रिकाम्या बाटलीत नाक खुपसलं, तशी मालई लाजेने अर्धी झाली. माहेरी थायलंडहून आणलेली, करीच्या वाटणात घालायची कोळंबीची चटणी संपली होती. मुरूडच्या बाजारात ती मिळेना, आणि दिवस गेल्यापासून त्या करीशिवाय तिच्या पोटात काही टिकेना.

"अगं, हा तर आपला जवळा!" सासू खेकसली. "आधी सांगायला तोंड नव्हतं?"

तिने सुका जवळा भाजून, मीठ घालून पाट्यावर वाटला. मिरची, गवती चहा मालईने घातला. त्या वाटणाच्या करीची पहिली वाटी पोटात टिकली.

"आई, माझ्यासाठी एवढं..."

"तुझा नवरा पोटात होता तेव्हा मी बोंबील मागितला, तर माझ्या सासूने पुढचं ताट हिसकावलं. म्हातारी मेली, पण मी विसरले नाही. खा."

मालईने वाटी पुढे केली. "अजून वाढा, आई."